कोंदोचा रविवार

आमच्या किल्ल्याच्या टेकडीवर किल्ला असा नाहीच. उरलेत ते दगडी तट, त्यांवरची वसंतात बहरणारी साकुराची झाडं आणि माझं चहाचं दुकान. त्सुनेको माझी तीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचं जेवण रांधण्यात तिची हयात गेली. नवरा लवकर गेला. हट्टी म्हणजे इतकी, की एकुलत्या एक लेकीनं, चिसातोनं, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून "या घरात पाय ठेवू नकोस" म्हणाली. त्यानंतर सहा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं.

त्या एप्रिलात शुक्रवारी ती धापा टाकत पायऱ्या चढून आली, पण चेहरा फुललेला.

"पोरीचा फोन आला होता. कोंदोच्या रविवारी साकुरा बघायला येते म्हणाली. म्हणजे परवाच! इथेच, तुझ्या दुकानापाशी."

"मग आज कशाला तडफडलीस एवढं चढून?"

"बाक बघून ठेवायला. तिला उन्हातला लागतो."

रविवारी नवाच्या ठोक्याला ती डबा घेऊन हजर. ओठांना चक्क लाली. मी म्हटलं, "काय गं, लेक येतेय की नवरा मुलगा?"

"गप बस," म्हणाली, पण लाजली.

बारा वाजले, दोन वाजले. मी म्हटलं, फोन कर. "सहा वर्षांनी ती आपणहून बोलली. आता मी मागे लागू? नको." चारला बोचरा वारा सुटला. तिनं न उघडलेला डबा पुन्हा फडक्यात बांधला. "मीच हाकललं होतं तिला. ती कशाला येईल?" मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तिच्या हातातला फोन हिसकावून मीच लावायला हवा होता. नाही लावला.

तो वारा तिला बाधला. आठवडाभर ताप अंगावर काढला, डॉक्टरकडे गेली नाही. शनिवारी झोपली ती उठलीच नाही. रविवारी सकाळी तिची शेजारीण रडत वर सांगायला आली. ती खाली उतरली, आणि थोड्याच वेळात चिसातो पायऱ्या चढून आली.

"मावशी, आई आली नाही अजून?"

मेला तो 'कोंदो' शब्द! आमच्यात कोंदोचा रविवार म्हणजे हा येणाराही आणि त्याच्या पुढचाही. सगळं गाव त्यावर घोळ घालतं आणि मग हसतं. आईनं हा धरला, लेकीनं पुढचा.

मी तिला बाकावर बसवलं आणि आई गेल्याचं सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मी येणार म्हणून तिला बरं वाटलं होतं का?"

"वाटलं म्हणजे काय! रविवारची वाट बघत होती."

तिनं झटकन मान वर केली. "कोणत्या रविवारची, मावशी?"

"आजच्या," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं माझा हात धरला. त्या खोट्याची मला आजही खंत नाही. फोन न लावल्याची आहे.