सुनंदाचा भाव एक चकली

विसरलात ना सगळे? एवढे बदाम खाता, पण सगळे फुकट गेले म्हणायचे.

आपली डॉक्टर सुनंदा आज सकाळी गेली. तेव्हापासून नात मला तुमच्या पोस्ट वाचून दाखवतेय. मला लिहिता-वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलते, ती टाइप करते.

"सुनंदाताई इलेक्शनला उभी राहिली तेव्हा आम्ही सगळे तिच्या पाठीशी होतो." चौघा-पाचजणांनी हेच लिहिलंय.

पाठीशी?

अरे, आपण माझ्या बेसमेंटमध्ये होतो.

पंच्याऐंशी साल. जर्सी सिटी. सुनंदा राज्याच्या विधानसभेला उभी होती. साडीवर थंडीचा कोट घालून दारोदार फिरायची. आपल्यातलं कुणी असं उभं राहिलेलं आपण पहिल्यांदाच पाहत होतो.

तिच्या पत्रकांच्या घड्या आपण माझ्या बेसमेंटमध्येच घालायचो. आणि तिथेच माझ्या शरदने इलेक्शनचा शेअर बाजार काढला. वॉल स्ट्रीटवर कॉम्प्युटर बडवायचा ना, तिथलं खूळ घरी आणलं.

"पैसे नकोत, चकल्या लावू," म्हणाला. दिवाळी निवडणुकीनंतर आठवड्यावर होती.

प्रत्येकाला सुनंदाचे थोडे शेअर फुकट मिळाले. ती जिंकली तर एका शेअरला दहा चकल्या, हरली तर काही नाही. तोवर खुशाल विका. जो घेईल त्याने ठरलेल्या भावाच्या चकल्या दिवाळीला विकणाऱ्याला द्यायच्या.

मला फळ्यावरचं कळेना, म्हणून शरदने पाइपला लोकरीचा दोरा बांधला. जितका भाव, तितक्या चकल्या दोऱ्यात ओवायच्या. पहिल्या शनिवारी सहा होत्या.

"म्हणजे दहात सहा चान्स, आई."

मला तो खेळ फार आवडला. उगाच खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस समोरच्या गोऱ्या म्हातारीच्या अंगणातली सुनंदाच्या प्रचाराची पाटी दिसेना. निळी पाटी होती. निळा रंग ओळखायला शाळा लागत नाही.

मी खाली जाऊन म्हटलं, "गोऱ्यांनी पाठ फिरवली रे. माझे शेअर विका."

"मावशी विकतायत!" सगळे हसले. आणि हसता हसता सगळ्यांनीच विकले.

दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर. म्हातारीने झाडाची पानं गोळा करायला ती उपटून ठेवली होती.

मी गप्प बसले. आपलंच हसं कोण करून घेणार?

तोवर दोऱ्यात एकच चकली उरली होती.

मतदानाच्या दिवशी गार पाऊस. आपण कबूल केलं होतं, गाड्या काढून म्हाताऱ्या मतदारांना बूथवर न्यायचं.

"कॅन्सल केलं, आई," शरद म्हणाला. "एका चकलीचा भाव आहे. आपण गेल्याने काय फरक पडणार?"

खिडकीतून पाहिलं तर तुमच्याही गाड्या दारातच उभ्या.

सुनंदा पडली.

थोडक्यात पडली.

दिवाळीला ती आली. हातात भला मोठा स्टीलचा डबा.

"मावशी, तुमच्या चकल्या."

"कसल्या गं?"

"शेअरच्या. तुम्ही विकलेत ते मीच घेतले. तुमचे, सगळ्यांचेच. शरदला म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस."

मी माझी नेहमीची युक्ती काढली. "मला बाई यातलं काय कळतंय? मला कुठे वाचता येतं!"

सुनंदा हसली. "दोरा तर वाचता येत होता ना, मावशी?"

मग मीच विचारलं, "पण पडणार असं दिसत होतं, तर घेतलेस कशाला?"

"कुणीच घेतले नसते तर दोरा रिकामा झाला असता. दिवसभर लोकांची दारं वाजवून मी इथेच येत होते, चहाला. निदान एक तरी लटकलेली दिसू दे म्हटलं."

मग तिने डबा उघडला. "खा ना. कालच तळल्यात."

आणि आपण खाल्ल्या! शरद, तू तर दोनदा हात घातलास. चांगल्या काटेरी, खुसखुशीत होत्या.

मी एक तोंडात धरून तशीच बसून राहिले. चावली तर आवाज होईल, म्हणून.

ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. का, ते आपण कधी विचारलं नाही. आपलं सगळ्यांचं बीपी मात्र ती बघत राहिली, अगदी रिटायर होईपर्यंत.

तेव्हा ते "पाठीशी होतो" काढून टाका. शरदला मी आत्ता समोर बसवून त्याचं खोडायला लावलंय. सत्तरीचा झालाय, मान खाली घालून बसलाय. मला लाज वाटते, तुम्हीही थोडी वाटून घ्या.

सुनंदा, बाई, सुखाने जा. पाटी जागेवर होती गं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आणि बाकीच्यांनो, नीट ऐका. तेरा दिवस तिच्या घरी तळण चालणार नाही. तोवर पिठलं-भात पाठवा, तिखट बेतानं. तिच्या नवऱ्याला सोसत नाही.

चौदाव्या दिवशी चकल्या पाठवा. दुकानातल्या नकोत.

स्वतः उभं राहून तळा.