चौकट न म्हणता वाचलेली बातमी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थोरली बहीण नरखेडकडच्या गावाहून माझ्याकडे नागपूरला आली, तेव्हा तिला अक्षरे दिसेनाशी झाली होती. आणखी लांबवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. तिला नटनट्यांच्या बातम्या लागत, त्यातही एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या. ती आपल्याच वयाची आहे, हे बहीण अशा सुरात सांगे, जणू दोघी शाळेत एकाच बाकावर बसत.

आमच्या घरी मोठ्याने वाचण्याची एक रीत होती. वडिलांना पेपर वाचून दाखवताना ओळही गाळायची नाही. मोसंबीचे भाव, निविदा, हरवले-सापडले, सगळे क्रमाने. जाहिरात आली, की आधी 'चौकट' म्हणायचे आणि मग ती वाचायची. काय ऐकायचे हे ऐकणाऱ्याने ठरवावे, असे त्यांचे मत होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी चहा घेताना मी फोनवरचा मथळा वाचला : 'डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठ अभिनेत्रीसोबत घडलं असं काही, वाचून बसेल धक्का!'

बहिणीने कप खाली ठेवला. "काय झालं गा तिले?"

मला तिथे थांबता आले असते. पण मलाही जाणून घ्यायचे होते.

पहिल्या परिच्छेदात मथळाच होता, फक्त अधिक लांब. दुसऱ्यात अभिनेत्रीचा जन्म झाला. त्यानंतर 'चला तर मग जाणून घेऊया', आणि तिचे शालेय शिक्षण. शस्त्रक्रिया जवळ आली, की मजकूर तुटे. पुढे जे असेल ते मी वाचत गेलो. "पट्टी काढताच त्यांच्या लक्षात आलं की... वर्धा रोडवरील प्लॉट, तातडीने विक्री."

"अरे देवा. प्लॉट इकाले काढले तिनं?"

"ती जाहिरात आहे, ताई."

"मंग पुढं वाच."

"जिना चढवत नाही? गुडघ्यांना आधार हवा?"

"गुडघेबी गेले," ती हळू आवाजात म्हणाली. "आपरेशन डोयाचं, आन गेले गुडघे."

"तीही जाहिरातच."

"मंग चौकट काहून नाही म्हनत? बाबाले म्हनत होता ना!"

"फोनवर चौकट दिसत नाही. बातमीच्या मधोमधच आहे."

"तुले दिसून नाही राहिली, तं मले काय दिसन?"

उरलेल्या बातमीसाठी पुढच्या पानावर जायचे होते आणि ते पान उघडत नव्हते. बहीण उठली. आत जाऊन लुगडी पिशवीत भरू लागली.

"दुपारची यष्टी भेटते का पाह्य."

"उद्या ऑपरेशन आहे, ताई."

"राहू दे. मले दिसते थोडं, तेवढं पुरते. तिच्यावानी व्हाचं नाही मले."

मी अंगणात फोन धरून उभा राहिलो. पान उघडले, तेव्हा ते आधी शेवटपर्यंत मनात वाचले. हे मी सकाळीच करायला हवे होते. मग आत गेलो आणि खोलीच्या दारात उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

"चौकट. प्लॉट. चौकट. गुडघे. चौकट. केस गळतात का?"

ती घड्या घालत राहिली. तिने मला थांबवले नाही.

"पट्टी काढताच त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्या परिचारिका त्यांच्यासोबत फोटो काढायला उभ्या आहेत आणि आपले केस विंचरलेले नाहीत."

"मंग?"

"संपली बातमी."

"धक्का कुठी हाये?"

मी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले. "धक्का नाही."

"मागच्या पानावर राह्यला असन."

"तिथेही नाही."

तिने हातातले लुगडे खाली ठेवले. मग विचारले, "पन तिले दिसल्या ना नर्सा?"

"दिसल्या."

"साऱ्या?"

"सगळ्या, असे लिहिले आहे."

तिने पिशवी पलंगावर उलटी केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परिचारिका तिच्या डोक्यावर हिरवी टोपी चढवायला आली. बहिणीने तिला हाताने थांबवले आणि माझ्याकडे कंगवा मागितला. भांग नीट पडेपर्यंत तिने केस विंचरले, मग टोपी घालून घेतली आणि आत गेली.