पत्रकावरचा चेहरा

मला एकच काम येतं, पत्रकं लिहायचं. शिकायला शहरात, विश्रामबागेत आल्यापासून तेच करतेय. पाणीटंचाईवर लिहिली, एसटीच्या बंद झालेल्या फेऱ्यांवर लिहिली. मोबाइलमधल्या फिल्टरच्या विरोधात लिहिलं ते धाकट्या बहिणीमुळं.

आमचं गाव विट्याच्या पुढं, माळावर. घरी मेंढरं. त्यांच्यामागं पळत ती मोठी झाली आणि शाळेत सगळ्यांच्या पुढं पळायला लागली. जिल्ह्याला निवड झाली. सरांनी कौतुकानं तिचा पळतानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकानं लिहिलं, ‘तव्याचं बूड पळतंय बघा.’ बाकीचे हसले.

दुसऱ्या दिवसापासून ती ग्राउंडवर जायची बंद झाली. फोनमधल्या फिल्टरात ती गोरी दिसायची, हनुवटी निमुळती, डोळे मोठे. दिवसभर तेच बघत बसायची. “उन्हात गेलं की आणखी काळी व्हईन,” म्हणायची. स्पर्धा महिन्यावर आलेली.

मी संतापले. फिल्टर विकणाऱ्या कंपन्यांवर, त्या पोरांवर, आणि बाळ बघायला आल्यावर आधी रंग विचारणाऱ्या आपल्या बायांवरही. संताप आला की मी पत्रक काढते. मथळा ठरला: ‘मी आहे तशीच पळणार!’ फोटो तिचाच हवा होता.

“मला न्हाई जमायचं, अक्का. परत हसतील.”

“हसू दे की. त्यांना म्हणावं, या माझ्यासंगं पळायला.”

“तुझं काय जातंय? तुला कोण बूड म्हणतंय?”

तरी मागं लागले. शेवटी एकदा भर दुपारी ती फोटोसाठी माळावर उभी राहिली, घामानं निथळत, कपाळाला केस चिकटलेले.

“खरंच अशीच छापणार?”

“अशीच. आईची शपथ.”

दुसऱ्या दिवशी ती पळायला गेली. रोज जायला लागली. आई फोनवर म्हणाली, “लेकरू हसतंय गं आता.”

प्रेसवाल्यानं नमुना पाठवला तेव्हा मी कराडच्या बसमध्ये होते, सभेला निघालेली. मथळा वाचला. मागण्या वाचल्या. फोटो बघितला, छान वाटला. ‘छापा’ म्हणून कळवलं.

गठ्ठा घेऊन गावी गेले. तिनंच सुतळी सोडली. फोटोतली पोरगी गोरी होती. घाम नव्हता. गालावरचा लहानपणीचा व्रणसुद्धा नव्हता.

तिथूनच प्रेसवाल्याला फोन लावला. “आवं ताई, सावळा चेहरा छपाईत लय घाण येतो. सगळ्यांचाच उजळतो आमी. तुमीच तर छापा म्हणालात.”

म्हणाले होते. मीच म्हणाले होते.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पत्रक खिडकीपाशी नेलं, उजेडात धरून बराच वेळ बघितलं. “तुलाबी अशीच आवडले न्हवं मी?” एवढंच विचारलं. मग त्याचाच फोटो काढून डीपीला लावला.

त्यानंतर ती पळाली नाही. मी पाया पडायची बाकी राहिले. सर घरी येऊन गेले. जिल्ह्याला दुसरी पोरगी गेली.

त्या दिवशी मी घरीच होते. ती शेजारी येऊन बसली, खूप दिवसांनी आपणहून, आणि फोन माझ्यासमोर धरला. डीपी बघून तिच्याच वर्गातल्या पोरांनी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘लय भारी.’

“बघ की, अक्का,” ती म्हणाली. “त्यो बूड म्हणणाराबी हाय ह्यात.”