मागे न सरकणारी होडी

निवृत्त झालेल्या बाईने स्वतःसाठी शिडाची कयाक घ्यावी की घेऊ नये, या प्रश्नावर रोह्यातल्या आमच्या आळीत प्रत्येकाचं मत होतं. ते मत प्रत्येकाने माझ्या नवऱ्याला सांगितलं. मला कोणी काही सांगितलं नाही. दुकानाच्या पायरीवर, बँकेत, रिक्षा स्टँडवर लोक त्याला थांबवून विचारत, "काय, बाईंना होडी घेताय म्हणे?" आणि तो हसून सांगे, "हौस हाय तिला. बघू." बघू म्हणणारा हा कोण, असा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडला नाही. होडी माझ्या पैशांची होती आणि पाणी माझ्या माहेरचं होतं.

कयाक म्हणजे एका माणसापुरती लांब, अरुंद होडी. मला हवी होती तिला पुढे एक छोटं शीड असतं आणि बसल्या जागी पायडलं असतात. पायडल मारलं की तळाखालची दोन पाती माशाच्या परांसारखी हलतात आणि होडी चालते. पायडलांचा आग्रह धरण्याला कारण होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून माझा उजवा खांदा कायमचा आखडला आहे. वल्हं मारणं मला जमत नाही. पाय मात्र उत्तम आहेत.

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. मिठागरावर जायला वडिलांची होडी होती. भावांच्या हाती वल्हं आलं, माझ्या हाती भाकरीचं फडकं. होडीत मी पुष्कळदा बसले, पण ती मी नेली असं एकदाही घडलं नाही. पुढे रोह्याच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवताना चंद्र, सूर्य आणि पृथ्वी फळ्यावर काढून मी किती वर्गांना भरती-ओहोटी समजावली असेल! त्या पाण्यावर मला एकदा एकटीने जायचं होतं. समोरच्या मोठ्या पात्रात नव्हे, तर तिवरांतून आत शिरणाऱ्या अरुंद फाट्यांत, जिथे भाऊ खेकडे धरायला जात आणि मी बांधावर थांबत असे. एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगितली होती.

कोलाडच्या बाजूला, नदीकाठी पर्यटकांना पाण्यावर नेणारा एक माणूस मागच्या मॉडेलची कयाक सवलतीत विकत होता. फोनवरचं बोलणं नवऱ्याने केलं. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मी त्या माणसाला परीक्षेत विचारावा तसा सरळ प्रश्न विचारला, "जुन्या आणि नव्या मॉडेलमध्ये फरक काय?"

त्याने नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं, "रंगाचा फरक आहे, सर. आणि सीट जरा पातळ."

"एवढ्यासाठी इतकी सवलत?"

"मॅडम, लोकांना नवा रंग लागतो."

माझा नवरा कंपनीत फिटर होता. त्याला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं, आणि ते त्याला आवडलेलं दिसत होतं.

सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं की तिथली नदी भरून वाहते. त्या दिवशी वारा मात्र मुळीच नव्हता. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं, म्हणून मी ते गुंडाळलं आणि होडी चालवून बघायला पायडलं मारत निघाले. होडी सुरेख चालली. परतताना काठाजवळ तिचं नाक करंजाच्या झुडपात घुसलं. मी पाय उलटे मारून पाहिले. काही झालं नाही. पुन्हा मारले. होडी जागची हलेना.

काठावरून तो माणूस ओरडला, "मॅडम, वल्ह्याने ढकला! हिला रिव्हर्स नाही!"

मी डाव्या हाताने फांद्या लोटत कशीबशी बाहेर आले. काठावर उतरले आणि विचारलं, "हा रंगाचा फरक का?"

तो गोंधळला. "मी सरांना फोनवर सांगितलं होतं, मॅडम. सर म्हणाले, त्यांना सांगू नका, उगाच नव्या मॉडेलचा हट्ट धरतील."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"अगो, तुला रिव्हर्स कशाला हवा?" तो म्हणाला. "तू काय आत जाणार हायस? समोरच्या समोर दोन चकरा मारशील, मी बांधावर हायच. चार दिवसांची हौस ती."

मला राग आला की माझा आवाज खाली येतो. वर्गातल्या शेवटच्या बाकालाही हे ठाऊक होतं, घरात ते कोणी कधी लक्षात घेतलं नाही. मी त्याला म्हटलं, "तुम्ही जाऊन होडी धरा. वाहून जाईल." तो पँट दुमडून पाण्यात उभा राहिला. मग मी विक्रेत्याला खुर्चीवर बसवलं. "आता पहिल्यापासून सांगा. सगळे फरक. माझ्याकडे बघून."

त्याने सांगितले. रिव्हर्स सोडला तर बाकीचे खरोखर किरकोळ होते.

आता प्रश्न माझा होता आणि तो मीच सोडवायचा होता. खाडीचा फाटा आत गेल्यावर होडीच्या लांबीपेक्षा अरुंद होतो, त्यामुळे वळता येत नाही. वल्हं मला झेपत नाही. ओहोटीत अडकलं तर खाली मांडीभर चिखल. परंतु भरती संपत आली असताना आत शिरावं आणि पाणी थांबेल तिथे थांबावं. ओहोटी लागली की तेच पाणी होडीला मागे ओढत बाहेर आणतं. आपण फक्त सुकाणू सरळ धरायचं आणि रेंगाळायचं नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळावं, अष्टमीच्या सुमाराचं मवाळ पाणी घ्यावं. हे मी इतरांना इतकी वर्षं शिकवलं होतं. मी ती जुनी कयाक घेतली.

कयाक माहेरीच ठेवायची होती. ती टेम्पोत बांधून आम्ही थेट पेणकडे निघालो. नागोठणं मागे पडलं. गडबला नवरा म्हणाला, "शेवटी हीच घेतलीस ना? मी आधी सांगितलं असतं तरी हीच घेतली असतीस. मग फरक काय पडला?"

टेम्पोवाला आरशात बघून हसला. मला त्या दोघांनाही रस्त्यावर उतरवावंसं वाटलं.

ज्या मुलाने शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उचललं, त्याला मी कधी गुण दिले नाहीत, उत्तर बरोबर असलं तरी. इथे तर माझी पाटीच काढून घेतली होती आणि उत्तर बरोबर आलं म्हणून माझ्याकडूनच शाबासकी मागितली जात होती. मी जुनी होडी घेतली कारण मी हिशेब केला. त्याने जुनी होडी ठरवली कारण मी कुठे जाणार नाही हे त्याने गृहीत धरलं. या दोन गोष्टी एक नव्हेत आणि हे गडबपासून पेणपर्यंत समजावूनही त्याला समजलं नाही. "बरं बाय, चुकलं," असं तो म्हणाला. ते चूक कळलेल्या माणसाचं बोलणं नव्हतं. जेवायची वेळ झालेल्या माणसाचं होतं.

पुढच्या अष्टमीला मी खाडीवर गेले. कुठल्या फाट्यात शिरणार आणि केव्हा बाहेर येणार, हे धाकट्या भावाला नीट सांगितलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

"ताई, भावजी इचारतील तर काय सांगू गो?" भावाने विचारलं.

"सांग, रंगाचा फरक बघायला गेली आहे."

तो मोठ्याने हसला आणि त्याने होडी पाण्यात लोटली.

फाट्यात शिरले तेव्हा पाणी अजून हळूहळू आत चाललं होतं. तिवरांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी शिडाच्या काठीला लागत होत्या. मग पाणी थांबलं. मीही थांबले. समोरच्या खोडावर पाण्याच्या वर बोटभर ओली रेघ उघडी पडली, तेव्हा होडी आपोआप मागे सरकू लागली. मी सुकाणू धरून बसले.

बाहेर आले तेव्हा नवरा बांधावर उभा होता. बराच वेळ उभा असावा. "काय गो, जमलं की!" तो ओरडला. "मी म्हटलंच होतं, रिव्हर्स कशाला हवा!"

खारा वारा सुटला होता आणि मोठ्या पात्रात अजून पुष्कळ पाणी होतं. मी शीड उघडलं आणि बांधाकडे पाठ करून पलीकडच्या काठाकडे निघाले.