पाऊस अडवणारे दाजी

आमचे दाजी ह्यूबर्ट मॅटिंगली यांनी आयुष्यभर बर्बन व्हिस्कीच्या गोदामात पिंपं ढकलली. बर्बनचं भरलेलं पिंप मांडणीवर असं सरकवायचं, की थांबल्यावर त्याचं बूच बरोबर वरच्या अंगाला यावं, नाहीतर माल गळतो. हे काम दाजी गप्पा मारता मारता करत. पण त्यासाठी त्यांना कुणी ओळखत नाही, कारण रोलिंग फोर्क नदीच्या काठावरच्या निम्म्या पुरुषांनी जन्मभर तेच केलंय. दाजींना सगळी पंचक्रोशी ओळखते ती बाटली पुरणारा माणूस म्हणून.

आमच्या केंटकीत लग्नाची पंगत उघड्यावर असली, की महिनाभर आधी त्याच जागी बर्बनची भरलेली बाटली जमिनीत पुरतात. तोंड खाली, बूड वर. मग लग्नात पाऊस येत नाही म्हणे. लग्न लागलं की बाटली उकरायची आणि मित्रमंडळींनी तिथल्या तिथे संपवायची. तशी ती कुणीही पुरू शकतो, त्याला काही शिक्षण लागत नाही. पण दाजींच्या हातची बाटली म्हणजे खात्रीचं काम. त्यांनी हात लावलेलं एकही लग्न कधी भिजलं नव्हतं. मी यातलं काही मानत नाही. पाऊस नसणारे दिवस तसेही पाऊस असणाऱ्या दिवसांपेक्षा जास्तच असतात, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं. त्यावर ते माझी कीव आल्यासारखं हसतात.

काम मात्र ते मन लावून करायचे. टोपी काढायची, मैदानात दोन फेऱ्या मारायच्या, मातीची चिमूट नाकाशी न्यायची आणि मग पाय आपटून म्हणायचं, "इथं." एकदा लुइव्हिलचा एक नवरदेव थोडी प्यायलेली बाटली घेऊन आला. दाजींनी ती उजेडात धरली आणि त्याच्या हातात परत दिली. म्हणाले, "दोन बोटं कमी आहे, बाळा. मग पाऊसही दोन बोटं येईल. चालेल का?"

या सगळ्याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या लग्नात आहे. माझी बहीण रोझेला त्यांना दिली, तेव्हा पंगत अँब्रोज हेगनच्या कुरणात होती. अँब्रोज हा दाजींचा जिवाभावाचा मित्र. बाटली पुरायची कुणाला आठवणच राहिली नाही, आणि जेवण वाढायला घेतलं तसा पाऊस असा कोसळला, की समोरचा माणूस दिसेना. मटणाच्या रश्श्याच्या कढईत पाणी भरत गेलं आणि रस्सा काही संपेना. अख्खी शिजवलेली डुकराची मांडी टेबलावरून घसरली ती थेट ओढ्याच्या दिशेला निघाली. तिला पकडायला धावलेले फादर स्वतःच चिखलात बसले. शेवटी दाजींनी रोझेलाला खांद्यावर टाकलं आणि अँब्रोजच्या तंबाखू वाळवायच्या कोठारात नेलं. उरलेलं लग्न तिथंच झालं.

पुढे आमच्या आईनं दाजींना एकच प्रश्न विचारला, "जावईबापू, तुमच्याकडे एक बाटलीही नव्हती का?" तो त्यांच्या काळजात बसला. त्यात रोझेला दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला, पाहुण्यांच्या देखत, ही सगळी कहाणी साभिनय सांगते. कहाणी डुकराच्या मांडीपर्यंत आली, की दाजी उठून परसात जातात. लोकांची लग्नं कोरडी ठेवण्याचा ध्यास त्यांनी घेतला तो हा डाग धुवायला, हे मला न सांगताही कळत होतं.

दाजी, अँब्रोज आणि मी, आमचं तिघांचं एक ठरलेलं आहे. आयुष्यात काही मोठं घडलं, की चांगली बाटली उघडायची आणि तिघांनी बसायचं. कुणाला मूल झालं, कुणी ट्रॅक्टर घेतला, दाजी निवृत्त झाले. माझं पित्ताशय काढलं तेव्हा तर दोनदा बसलो, एकदा ते जायच्या आधी आणि एकदा ते गेल्यावर. ग्लास हातात घेतला की तो संपवूनच उठायचं, एवढा एकच नियम. अँब्रोज या बैठकांत फार तर चार वाक्यं बोलतो, आणि त्यातली दोन मक्याबद्दल असतात.

तर या वर्षी दाजींची एकुलती एक मुलगी बर्नी लग्न करायला निघाली. शाळेची बस चालवते. चाळिशी जवळ आली तरी हिचं काही जमेना, म्हणून आम्ही आशा सोडली होती. आणि तिनं आणला कोण, तर वेंडेल टिपेट. मुलगा सोन्यासारखा, पण घराणं बाप्टिस्ट. दारूचा थेंब त्यांना वर्ज्य. जुलैअखेरचा मुहूर्त धरला आणि पंगतीला जागा दिली अँब्रोजनं, तेच कुरण. दाजींना गहिवरून आलं. "त्याच जागेवर कोरडं लग्न करून दाखवतो," म्हणाले.

बाटली पुरायला वेंडेलची आई, टिपेटबाई, मुद्दाम हजर राहिल्या. दाजींनी टोपी काढली, फेऱ्या मारल्या, माती हुंगली. मग बाई हळूच म्हणाल्या, "ह्यूबर्टभाऊ, सरबताची बाटली नाही का चालणार?"

"चालेल की," दाजी खड्ड्यातूनच म्हणाले. "गारा हव्या असतील तर चालेल."

बाटली पुरली आणि त्या दिवसापासून पाऊस जो गेला तो गेलाच.

पहिला आठवडा दाजी छाती काढून फिरले. दुसऱ्या आठवड्यात कुरण पिवळं पडलं. तिसऱ्यात अँब्रोजच्या मक्याला तुरे आले आणि पानं विड्यांसारखी गुंडाळून उभी राहिली. तुरा आला की मक्याला पाणी हवंच, नाहीतर कणसात दाणा भरत नाही. त्याच्या शेताला आभाळाशिवाय दुसरं पाणी नाही. कुरणाच्या कुंपणापलीकडे तो मका वाळत होता, आणि अलीकडे दाजींची बाटली होती.

मग लोकांची तोंडं सुटली. पेट्रोल पंपावर एक जण म्हणाला, "ह्यूबर्ट, लेका, एका लग्नापायी अख्ख्या तालुक्याची वाट लावतोस का?" दुसरा म्हणाला, "निदान बाटली जरा तिरकी तरी कर." रविवारी फादरनी पावसासाठी प्रार्थना केली आणि आमेन म्हणताना डोळे उघडून थेट दाजींकडे पाहिलं. त्यांच्यामागे सगळं चर्च वळून पाहायला लागलं. बाहेर येताना दाजी लालबुंद झाले होते.

"दाजी, तुम्हीच म्हणता ना तुमच्या बाटलीनं पाऊस थांबतो?" मी म्हणालो. "मग आता भोगा."

"जेरार्ड, तू माझ्या बायकोचा भाऊ नसतास ना," ते म्हणाले आणि पुढचं गिळलं.

लोकांच्या बोलण्याचं त्यांना एवढं नव्हतं. त्यांना खात होतं ते अँब्रोजचं न बोलणं. बाटली त्याच्या जमिनीत, मका त्याचा, पण पठ्ठ्यानं एका शब्दानं विचारलं नाही. त्या आठवड्यात त्याला सत्तर पूर्ण झाली, म्हणून त्याच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. समोर मका खडखडत होता. दाजींनी जपून ठेवलेली बाटली उघडली, ओतली. अँब्रोजनं एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"काय रे? उतरली नाही का चांगली?" दाजींनी विचारलं.

"चांगली आहे." अँब्रोज शेताकडे बघत म्हणाला. "नंतर घेईन."

इतक्या वर्षांत त्यानं अर्धा ग्लास कधी ठेवला नव्हता. दाजींचा संयम सुटला. "अरे, बोल ना काहीतरी! शिव्या दे! म्हण एकदा, ह्यूबर्ट, काढ ती बाटली!"

"पोरीचं लग्न आहे," अँब्रोज म्हणाला. "शब्द दिलाय मी." आणि आत निघून गेला.

दाजींची खरी कुचंबणा मला त्या दिवशी समजली. बाटली ठेवावी, तर मित्राचं वर्षाचं पीक जातं. काढावी आणि लेकीचं लग्न भिजलं, तर बायकोच्या कहाणीला जोड मिळते, आणि आयुष्यात कमावलेलं एवढंसं नावही चिखलात जातं. मी मानत नाही म्हणून मला हसू यायला हवं होतं. मला वाईटच वाटलं.

लग्न शनिवारी होतं. गुरुवारी दुपारी दाजी फावडं घेऊन माझ्या दारात आले. "चल."

"कुठं?"

"काढतो बाटली. पोरीचं लग्न एक दिवसाचं असतं. अँब्रोजची सोबत जन्माची आहे."

आम्ही कुरणात गेलो. दाजींनी टोपी काढली, जागा बरोबर हेरली आणि खणायला लागले. गुडघाभर गेले. मांडीभर गेले. बाटली नाही. बाजूला खणलं. तिथंही नाही. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू काढलीस?"

"दाजी, मला ठाऊक असतं तर तुम्हाला एवढं खणू दिलं असतं का?" मी म्हणालो. पण मजा म्हणून दिलंही असतं, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी मला शपथ घ्यायला लावली. मग अँब्रोजवर संशय घेतला आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग त्यांना टिपेटबाई आठवल्या. "त्या बाईनंच! नेली आणि ओतून दिली असणार मोरीत!" ओतून दिल्याच्या कल्पनेनं तर ते खाली बसले.

तसेच मातीनं भरलेले आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात रोझेला लग्नाच्या मिठाईचे लाडू वळत होती. आमच्याकडे त्यातही बर्बन घालतात. आणि मोरीशी उभी राहून बर्नी एका बाटलीची माती धूत होती.

दाजींनी खुर्ची ओढली. "तू?"

"काल काढली," बर्नी म्हणाली. "अँब्रोजकाकाचा मका बघवेना मला. रोज येता-जाता दिसतो तो. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही रडला असता, म्हणून नाही विचारलं."

"अगं पण तुझं लग्न भिजेल!"

"भिजू दे ना, डॅडी." तिनं बाटली पुसून टेबलावर ठेवली. "तुम्ही आजवर एवढी लग्नं कोरडी ठेवलीत. त्यातल्या एकाची तरी गोष्ट कुणी सांगतं का? आणि आपल्या घरात दर वर्षी कुठल्या लग्नाची गोष्ट चालते?"

"ती तुझी आई मला टोमणे मारायला सांगते."

रोझेलाचे हात थांबले. "टोमणे?"

"मग काय! मांडी, फादर, सगळ्यांसमोर..."

"अरे मूर्खा," माझी बहीण म्हणाली. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस आहे तो. म्हणून सांगते. तू शेवटी मला खांद्यावर टाकून चिखलातून पळतोस, तिथपर्यंत यायचं असतं मला. पण तू दर वेळी मांडीलाच उठून जातोस!"

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी मातीच्या हातांनी ते पुसलं आणि तोंडाची पार रंगपंचमी करून घेतली. मी एक लाडू उचलला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी चर्चमध्ये लग्न लागलं, बाहेर कडकडीत ऊन. कुरणात पंगत बसली, वाढून झालं, आणि मी दाजींना म्हणायला तोंड उघडलं, "बघा, बाटली नसली तरी..." तेवढ्यात टेबलावर टपोरा थेंब पडला. मग दुसरा. मग आभाळच खाली आलं.

लोक कोठाराकडे पळाले. टिपेटबाई केकचा वरचा मजला छातीशी धरून पळाल्या. बर्नीनं कुणाची वाट न पाहता वेंडेललाच खांद्यावर टाकलं. रोज बस चालवणारी बाई ती, वेंडेल जड नव्हता. फादर या खेपेला मांडीच्या वाटेला गेले नाहीत. एकटा अँब्रोज उलट दिशेला गेला. कुंपण ओलांडून मक्यात शिरला आणि टोपी काढून तिथं उभा राहिला.

कोठारात पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. दाजींनी पुरलेली बाटली उघडली. अँब्रोज आला तो नखशिखांत निथळत. त्यानं खिशातून एक रिकामा ग्लास काढून पुढे केला.

"अर्धा राहिला होता माझा," तो म्हणाला.

दाजींनी काठोकाठ ओतला. मग माझा, मग स्वतःचा. ग्लास उचलला आणि जुनी सवय आड आली. "एवढी वर्षं झाली," ते पावसाकडे बघत म्हणाले, "माझ्या हातचं एकही लग्न भिजलं नव्हतं रे."

"दोन भिजली," मागून रोझेला म्हणाली. तिच्या झग्याचा घोळ चिखलानं भरला होता आणि दोन्ही चपला हातात होत्या. "दोन्ही घरचीच."

दाजींनी ग्लास संपवला. मग तो माझ्या हातात दिला, बायकोला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती पाठीत बुक्क्या मारत असताना पुन्हा पावसात गेले.