खाली कोण उभं आहे?

लोह्याच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली, तेव्हा अब्बांनी माझी लोखंडी पेटी स्वतः टपावर चढवली. कंडक्टरने हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नाही. खाली उतरून म्हणाले, "इंजिनिअरिंगला सिविल लेना. लोकांच्या डोक्यावरचं छत हाय ते." अम्मी खिडकीशी उभी होती. भूकंपापासून तिने वरच्या मजल्याचा धसका घेतला होता. तिने विचारलं, "तिथली खोली वरच्या मजल्यावर न्हाई ना?" खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मी नाही म्हणालो. अकरावीसाठी घर सोडताना हे एक खोटं मागे ठेवून गेलो.

अब्बा गवंडी. भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला नवी गावं वसली, तेव्हा ते त्या कामांवर होते. घरी अर्धं दखनी, अर्धं मराठी बोलायचे, साइटवर फक्त मराठी. सुट्टीत ते मला सोबत नेत, म्हणून एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. स्लॅब टाकल्यावर काही दिवसांनी सेंट्रिंग, म्हणजे खालचा फळ्या-बल्ल्यांचा आधार, खोलतात. शेवटच्या बल्ल्या काढायची वेळ आली की अब्बा आत जाऊन स्लॅबच्या बरोबर मधोमध उभे राहायचे. मजूर ओरडायचे, "मिस्तरी, बाजूला व्हा की!" ते आतून म्हणायचे, "मी बाजूला झालो तर घरवाले आत कसे येतील? काढा."

एका साइटवरचे इंजिनिअर फाइल काखेत धरून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहत. बाकीच्या साइटवरचे बाहेर जीपजवळ थांबत. त्या बाकीच्यांना अब्बा साहेब म्हणायचे, इंजिनिअर कधी म्हणाले नाहीत.

लातुरात एका खोलीत चार खाटा होत्या. दर रविवारी परीक्षा, सोमवारी फळ्यावर क्रमांक. घरमालक आमच्यासारख्यांसाठी मजल्यावर मजला चढवत होता. मुलांची गर्दी एवढी, की वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग निघायच्या आधीच खालच्या खोल्या भरत. त्या स्लॅबखाली कोण उभं राहिलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसायचो.

इंजिनिअरिंगचा प्रवेश नांदेडला मिळाला. त्या वर्षी सगळे कंप्युटरकडे वळले होते, मीही वळलो. फोनवर अब्बांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "उसमें गिरता क्या?"

"काही पडत नाही, अब्बा."

"फिर इंजिनिअर कायकू?"

मी हसलो होतो. पुढे पुण्यात नोकरी लागली, ओळखपत्रावर 'इंजिनिअर' छापलं गेलं आणि अब्बांनीही प्रश्न मिटवला. लोह्यात कुणी विचारलं तर ते सांगू लागले, पोरगा इंजिनिअर आहे.

प्रश्न पुन्हा उभा राहिला तो कॅनडात. नोकरीसाठी मी ज्या प्रांतात आलो तिथे तो शब्द परवान्याशिवाय नावापुढे लावता येत नव्हता. कार्ड छापायच्या आधी व्यवस्थापक बाईंनी तो खोडला आणि 'डेव्हलपर' लिहिलं. शांतपणे म्हणाल्या, इथे इंजिनिअर म्हणजे ज्याची सही चुकली तर त्याला जाब विचारता येतो. त्या दिवशी मला राग आला. नांदेडची चार वर्षं एका रेघेत गेली असं वाटलं.

आमची टीम एका दवाखान्यासाठी रुग्णांना भेटीची वेळ देणारी प्रणाली चालवते. एकदा मी केलेल्या बदलामुळे काही रुग्णांच्या वेळा पुसल्या गेल्या. बर्फात दूरवरून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना काउंटरवरून परत पाठवलं गेलं. मला ते दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या दोन ओळींच्या नोंदीतून कळलं. मी चूक दुरुस्त केली, नोंदीपुढे 'प्रश्न सुटला' लिहिलं आणि जेवायला गेलो. माझं नाव कुणी विचारलं नाही. जेवताना जीपजवळ थांबलेले साहेब आठवले.

त्याच हिवाळ्यात अब्बांनी व्हिडिओ कॉल लावला. आमच्या लोह्याकडे अधूनमधून जमीन हलते. तशाच एका धक्क्यानंतर आतल्या खोलीच्या भिंतीला तडा गेला होता आणि अम्मीने खाट अंगणात काढली होती. अब्बा फोन भिंतीजवळ नेत म्हणाले, "मी सांगून थकलो, गिलावाच फाटलाय. ती म्हणते, तुमची नजर गेली आता. तू बोल. इंजिनिअर का सुनेगी."

मागून अम्मीचा आवाज आला, "हौ, तो बोला तर येते मी आत."

'पक्की' एवढा एक शब्द पुरेसा होता. तो बोलणं लोह्याच्या बसस्थानकावर 'नाही' म्हणण्याइतकंच सोपं होतं. मी म्हणालो, "मला भिंतीतलं कळत नाही, अम्मी. मी तसला इंजिनिअर नाही. इथे तर म्हणवूनसुद्धा घेता येत नाही."

"मग एवढी वर्षं लोकांना मी काय सांगून राहिलो?" अब्बांनी विचारलं आणि फोन ठेवला.

रजा मिळताच गेलो. लोह्यातल्याच एका सिव्हिल इंजिनिअर मुलीला बोलावलं. तिने छोट्या हातोडीने भिंत ठोकली, गिलावा खरवडला, तड्यावर काचेची पट्टी बसवली. म्हणाली, भिंत पक्की आहे. पुढे काही हललंच तर आधी काच तडकेल. कागदावर सही करून दिली.

अम्मीने कागद उलटसुलट पाहिला. "सही झाली. पर ती तर गेली घरी."

दुपार होती. मी अंथरूण उचललं, तड्याखाली टाकलं आणि पडलो. अब्बा दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी आपली उशी आणून शेजारी टाकली. चहाच्या वेळी जाग आली तेव्हा अम्मीची खाट आत आली होती. उंबऱ्याला लागून, पाय दाराकडे. अजूनही ती तिथेच आहे.

परत आल्यावर मी एक सवय लावून घेतली. प्रणालीत बदल सोडला की दुसऱ्या सकाळी त्या दवाखान्यात जाऊन काउंटरजवळच्या बाकावर बसतो. टीममधले हसतात, हे सगळं पडद्यावर दिसतं म्हणतात. बाकावर बसल्याने मी इंजिनिअर झालो का, हे मला माहीत नाही. कार्डावर अजून 'डेव्हलपर'च आहे. कुणी परत पाठवलं जात नाही ना, एवढं पाहतो. तिथे बसल्यावर घर जितकं जवळ वाटतं, तितकं लोह्याहून आलेल्या मसाल्याच्या डब्यानेही वाटत नाही.

दर जुम्म्याला फोन होतो. बाकावर बसतो हे मी त्यावरच सांगितलं होतं. अब्बा आधी काचेची पट्टी दाखवतात. ती अखंड आहे. लोह्यात कुणी माझ्याबद्दल विचारलं, तर ते आता इंजिनिअर म्हणत नाहीत, असं अम्मी सांगते. "दवाखान्यात असतो," म्हणतात. "डॉक्टर हाय का?" असं समोरचा विचारतोच. त्यावर अब्बा म्हणतात, "न्हाई. खाली उभा राहतो."