एकेकाला विचारणारे माझे साडू

वाट पाहण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. वराळ्याच्या नव्या सोसायटीत बसून ते घरूनच कंपनीचे प्रोग्रॅम लिहितात, आणि हातातलं काम पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याला शिवत नाहीत. घरी पाहुणे आले, की चहा एकेकाचा वेगळा टाकतात. शेवटच्याच्या हाती कप येईतो पहिला पाहुणा बेगडेवाडी स्टेशनावर पोचलेला असतो. एकदा मी बेल वाजवली तेव्हा ते फोनवर होते. फोन संपेपर्यंत मी जिन्यात बसून सोबत आणलेली केळी खाल्ली.

हा स्वभाव त्यांनी धंद्यात नेला की धंद्यातून घरी आणला, कोण जाणे. मला ते समजावायचे, "ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेली नावं. प्रत्येकाला निरोप धाडायचाय. फॉर-ईच लावलं तर ते सगळ्यांना सांगत सुटतं, उत्तरासाठी कुणापाशी थांबत नाही. निरोप वाटेतच, आणि हे म्हणतं काम झालं. मी साधा फॉर लावतो, आत अवेट, म्हणजे ‘थांब’. एकाचं उत्तर आलं, की मगच पुढचा." ऑफिसातली पोरं त्यांच्या प्रोग्रॅमला बैलगाडी म्हणत. "पोचते ना?" एवढंच साडू विचारत.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सासऱ्यांचं तळेगावात ऑपरेशन ठरलं आणि ऐन वेळी त्यांच्या गटाचं रक्त पेढीत मिळेना. त्या गटाच्या ओळखीच्या माणसांना निरोप धाडणारा प्रोग्रॅम साडूंनी पूर्वीच करून ठेवला होता. अर्थात, एकेकाला. पहिल्याच माणसाचा फोन बंद. त्या एका उत्तराकडे डोळे लावून आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो.

"अहो, बाबा आत आहेत," मेव्हणी हळूच म्हणाली. "सगळ्यांना एकदमच विचारा."

साडूंनी लॅपटॉप मांडीवर ओढला. मग त्यांनी प्रोग्रॅममधला तो अवेट काढला. सगळे निरोप एका दमात सुटले.

पहिलं उत्तर आलं ते साडूंच्या परंदवडीच्या धाकट्या भावाचं. बांधाच्या भांडणावरून दोघांत कित्येक वर्षं अबोला होता. तो आधी बोलेल, मग मी, असं साडूंनी ठरवून टाकलेलं. गट जुळतो म्हणून त्याचं नाव घातलं होतं, पण सगळ्यांच्या शेवटी.

भाऊ शेतातल्याच कपड्यांवर मोटारसायकलनं आला, रक्त देऊन बाहेर बाकावर बसला.

"तू येशील असं वाटलं नव्हतं," साडू म्हणाले.

"दादा, तू कदी इचारलंच न्हाईस."

सासरे वाचले. भाऊ निघाला तेव्हा साडू फाटकापर्यंत गेले. तिथं काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मोटारसायकल वळणाआड गेल्यावरही ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मेव्हणी त्यांना बोलवायला निघाली, तिला मी हातानंच थांबवलं.